अर्धा पासवर्ड फुलंब्रीला

…नाही हो, फॉर्म भरण्यात माझं काहीच चुकलं नव्हतं, नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, फोटोत दोन्ही कान दिसत होते, आणि तरी ती लाल पट्टी आलीच, 'आपला ईमेल ॲड्रेस व्यवसायास योग्य नाही', आणि पट्टीसोबत तो आवाज, टुंग, की मी खुर्चीतून अर्धी उठले. मी दचकते, तुम्हाला सांगते, लहानपणापासून आहे मला ते, कुणी मागून नुसतं 'तनुजा' म्हटलं तरी हातात जे असेल ते खाली. आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, दुसरा काढायचा. अहो, काढायचाच होता ना. ईमेलच तर काढायचा होता, लग्न थोडंच ठरवायचं होतं?

थांबा, आधीपासून सांगते. मी एमएस्सी झाले, बॉटनी. त्यानंतर दीड वर्षं घरी, हर्सूलला, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पाणी देणारी एमएस्सी. तेवढ्यात मला 'नित्यताजा'मध्ये घेतलं. ही डब्यांची कंपनी आहे, घट्ट झाकणाचे डबे, दुकानात मिळत नाहीत, आपण घरोघरी जाऊन दाखवायचे. डब्यात पाणी भरायचं, झाकण लावायचं, डबा उलटा धरायचा, थेंब पडत नाही, बायका बघत राहतात, मग झाकण उघडताना फट्कन आवाज होतो आणि मी दचकते. माझाच डबा, रोजचा आवाज, तरी. पण या कामाला तिकडं 'डायरेक्ट सेल्स कन्सल्टंट' म्हणतात. कन्सल्टंट. दीड वर्ष पाणी दिल्यावर कुणी तुम्हाला कन्सल्टंट म्हटलं तर काय वाटतं, ते मी सांगत बसत नाही.

पप्पा मात्र म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत कंपनीचं पक्कं पत्र दाखव. नाहीतर एक तारखेपासून शेंद्रा." शेंद्रा म्हणजे आमचे साहेबरावमामा तिथं एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, त्यांनी माझ्यासाठी गेटवरच्या केबिनमध्ये जागा बघून ठेवलेली, येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं. काम वाईट नाही, पगार वेळेवर, बस घरापासून. पण त्या केबिनच्या बरोबर डोक्यावर भोंगा आहे. मी बघायला गेले होते एकदा, मामांनी चहा मागवला, मी कप उचलला, भोंगा झाला, चहा मामांवर. मामा शर्ट झटकत म्हणाले, "होईल सवय." मला सवय नको होती हो. मला डबे पाहिजे होते. आणि पक्कं पत्र मिळायला काय लागत होतं? ईमेल. ईमेलच तर काढायचा होता.

संस्कृती मॅम म्हणजे माझ्या वरच्या, ज्यांनी मला कंपनीत घेतलं त्या, त्यांचा आवाज नेहमी नुकतंच आइस्क्रीम खाल्ल्यासारखा असतो, त्या म्हणाल्या, "तनुजा डिअर, ईमेल इज युअर फेस. एकदा दिला की बदलता येत नाही हं. आणि तीनच चान्स. तीन वेळा रिजेक्ट झाला की सिस्टीम तुला घेणारच नाही." हे त्या इतक्या गोड सांगत होत्या की मला वाटलं, चौथा चान्स बक्षीस म्हणून असेल.

पहिला मी दिला तो माझा जुना. आता तो माझा तरी कसा म्हणू? अकरावीला स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला आमचा अख्खा वर्ग चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं गेला, श्रीकृपा झेरॉक्स, त्यानं मान वर न करता एकेकीचा ईमेल काढून दिला, "नाव सांग… चल… पुढची." सगळ्यांचे दुकानाच्या नावानं. मी श्रीकृपाझेरॉक्स एकशे बारा, माझ्या मागं मोनिका उभी होती ती एकशे तेरा. नऊ वर्षं मी एकशे बारा आहे. माझा निकाल एकशे बाराला आला, माझं हॉलतिकीट एकशे बाराला आलं, मला कधी त्यात काही वावगं वाटलं नाही. मॅमचा फोन आला, "डिअर, तू झेरॉक्सचं दुकान पण चालवतेस का?"

गेला एक.

दुसऱ्याला म्हटलं, आता नीट. वही घेतली, तुम्हाला सांगते, रेघा मारल्या. नुसतं तनुजा? आधीच कुणीतरी घेतलेलं. तनुजानंतर टिंब? ती पण कुणीतरी आहे. तनुजा किचन, तनुजा होम, तनुजा फ्रेश, सगळ्या जागांवर कुणी ना कुणी तनुजा माझ्याआधी जाऊन बसलेली, एवढ्या तनुजा आहेत तर मला कॉलेजात एकही कशी भेटली नाही? बरं, शहराचं नाव जोडावं, तर ते नुकतंच बदललेलं, कोणतं जोडावं? निम्मे लोक एक नाव घेतात, निम्मे दुसरं, आणि रिक्षावाला नुसतं 'सिटी, सिटी' ओरडतो. आडनाव जोडावं, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आडनाव नको टाकू. बदलायचंय ते."

"कधी?"

"कधीतरी बदलंलच की."

जन्मसाल टाकावं तर वय कळतं. मग नुसतं बघावं म्हणून, देवाशप्पथ नुसतं बघावं म्हणून मी 'नित्यताजा तनुजा' असं लिहिलं, कसं दिसतंय ते बघत होते, छान दिसत होतं हो, आणि कुकरची शिट्टी झाली. माझा अंगठा होता 'पाठवा'वर. टुंग. 'कंपनीचे नाव वापरण्यास मनाई आहे.'

गेले दोन. आई वरणाची चव बघत बघत बाहेर आली आणि माझं तोंड बघून परत आत गेली.

त्यानंतर तीन दिवस मी त्या फोनला हात लावला नाही. टीव्हीवर ठेवून दिला होता, वाजला की लांबूनच बघायची. एकच उरला होता ना. जे सुचायचं ते पाच मिनिटं बरं वाटायचं, मग वाटायचं हे पण नाकारणार, मग भोंगा ऐकू यायचा, घरात, बसल्या जागी. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "आण ती वही. शनिवारी गटात घेते."

गट म्हणजे बायकांचा बचत गट, चौदा जणी, अकरा वर्षं झाली, आणि आई त्याची अध्यक्ष. आमच्या घरात तिला रत्नमाला म्हणून कुणी ओळखत नाही, अध्यक्षबाईच म्हणतात, पप्पासुद्धा, भांडण झालं की. तर या गटात ठरावाशिवाय काही होत नाही. सतरंजी घ्यायची, ठराव. संक्रांतीला वाण काय लुटायचं, ठराव. द्वारकाबाईंच्या शेळीनं सुलेखाताईंची मेथी खाल्ली, त्याच्यावरसुद्धा ठराव आहे, सूचक, अनुमोदक, सह्या, सगळं. मी म्हटलं, "आई, हा माझा पर्सनल ईमेल आहे." आई म्हणाली, "तूच तर म्हणलीस धंद्याचा आहे."

झालं. शनिवारी दुपारी आमच्याच ओसरीत बैठक, सुलेखाताई सचिव, त्यांनी वहीत लिहिलं, विषय क्रमांक तीन, कुमारी तनुजा हिचा ईमेल. माझं नाव मी पहिल्यांदाच विषय म्हणून ऐकलं. मी उभं राहून सगळं समजावलं, की ईमेल हा आपला चेहरा असतो. तर गोजरबाई, म्हणजे ज्यांच्याकडं गटाची पेटी असते त्या, म्हणाल्या, "मंग तुझा फोटो लाव की."

"फोटो नाही काकू, नाव लागतं."

"बरं. त्या नावावर गिऱ्हाईक काय इचारणार?"

"डबे."

"मंग डबा नको का नावात?"

मी म्हटलं, मला 'कन्सल्टंट' टाकायचंय. द्वारकाबाईंनी, या पेटीच्या किल्लीवाल्या, त्यांच्या शेळीचं सांगितलं ना त्याच, त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "ते काय असतंय?"

"सल्लागार."

"कशाचा सल्ला देतीस तू?"

"डब्यांचा."

"डब्यात काय सल्ला द्यायचाय? झाकण लावायचं."

सगळ्या हसल्या, आईसुद्धा, अध्यक्षपदावर असून. मग द्वारकाबाईच म्हणाल्या, "गल्लीत काय म्हणतेत हिला? डबेवाली तनुजा. कुठली? हर्सूलची. मंग तेच लिहा, उगंच कशाला दिमाग लावायलीस." आणि मी काही बोलायच्या आत सूचक द्वारकाबाई, अनुमोदक गोजरबाई, हात वर करा, तेरा हात वर, चौदावी बाई लेकराला पाजत होती, तिनं मान हलवली. मला हात वर करता आला नाही. मी सभासद नाही.

तनुजाडबेवाली डॉट हर्सूल. एमएस्सी बॉटनी, प्रथम श्रेणी. ईमेलच तर काढायचा होता…

पण खरी पंचाईत इथून पुढं. सुलेखाताईंच्या फोनवर ईमेल काढायला घेतला, आणि त्यानं पासवर्ड मागितला. मी म्हटलं, द्या इकडं, मी टाकते. द्वारकाबाई म्हणाल्या, "थांब." थांब म्हणाल्या की अख्खी ओसरी थांबते. "या चौदा जणी तुझ्या पहिल्या गिऱ्हाईक व्हायल्या. आमचे नंबर, पत्ते, सगळं त्या ईमेलात राहणार. व्हय का नाय?"

"हो."

"मंग त्याची चावी एकटीच्या हातात कशी द्यायची?"

तुमच्या बँकेला सुचलं असतं का हे? गटाचा नियमच आहे, पेटी एकीकडं, किल्ली दुसरीकडं, दोघी असल्याशिवाय पेटी उघडत नाही, अकरा वर्षांत इकडची काडी तिकडं झालेली नाही. म्हणून पासवर्डचे दोन तुकडे. पहिला अर्धा द्वारकाबाईंनी टाकायचा, दुसरा अर्धा गोजरबाईंनी, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी भिंतीकडं तोंड. वेबसाइटला पासवर्ड दोनदा टाकावा लागतो, म्हणजे आम्ही दोनदा भिंतीकडं. माझाच ईमेल, आणि मी आमच्याच ओसरीतल्या भिंतीवरचा पोपडा बघत उभी. लिहून ठेवायचा नाही. कुणाला सांगायचा नाही. काम झालं की लगेच कुलूप, म्हणजे लॉगआऊट, ते सुलेखाताईंनी तपासायचं.

पाठवला. मी डोळे मिटून घेतले. टुंग झालं, मी दचकले, पण पट्टी हिरवी. मॅमचा फोन, "तनुजा डिअर, वॉव, किती ऑथेंटिक! ब्रँडिंग कुणाकडून करून घेतलंस?" मी ओसरीकडं बघितलं. ब्रँडिंग चहाच्या कपबश्या विसळत होतं.

मला वाटलं, सुटले. नाही. एकतीस तारखेला दुपारी मोबाईलवर मेसेज. 'आपल्या ईमेलवर लिंक पाठवली आहे. सायंकाळी सहापर्यंत दाबावी, अन्यथा अर्ज रद्द.' ईमेल उघडायचा म्हणजे दोघी पाहिजेत. द्वारकाबाई घरासमोर शेळीला पाला टाकत होत्या. आणि गोजरबाई? गोजरबाई फुलंब्रीला, लेकीच्या घरी, बाळंतपणाला. दोन दिवसांपूर्वी अर्धा पासवर्ड घेऊन गेलेल्या.

फोन केला. "काकू, फक्त चार अक्षरं आहेत, सांगा ना पटकन."

"फोनवर किल्ली देत नसतेत, पोरी. हितं ये."

"काकू, सहा वाजता रद्द होणार आहे सगळं."

"मंग आत्ताच निघ."

खाली ते 'पासवर्ड विसरलात का' असतं ना, ते दाबलं तर कोड जातो अध्यक्षांच्या फोनवर. म्हणजे आईच्या, ईमेल काढताना नंबर तिचाच टाकलेला. मी आईसमोर जाऊन अक्षरशः हात जोडले. ती धुण्याचा पिळा तसाच हातात धरून म्हणाली, "माझ्याच पोरीसाठी नियम मोडला तर उद्या पेटी कुणाच्या भरवशावर ठेवतील बाया?" तिचे डोळे भरले होते हो. त्यामुळं चिडतासुद्धा येईना. द्वारकाबाईंना म्हटलं, तुमचा अर्धा तरी मला सांगा, मी एकटी जाऊन येते. त्या चप्पल घालायला लागल्या. "चल. शेळी बांधून आले."

हर्सूलच्या टी पॉइंटवर जीप मिळाली, ती भरल्याशिवाय निघेना. भरली तर चौक्याच्या घाटात ट्रक बंद पडलेला, तास गेला. द्वारकाबाई खिडकीशी बसून ओठ हलवत होत्या, शेजारची बाई म्हणाली, मावशी जप करतेत का, मला माहीत होतं त्या काय करतेत, त्या आपला अर्धा घोकत होत्या, आणि मी कानात बोटं घालून बसलेली, न जाणो ऐकू आलं तर. पप्पांचा फोन. "झालं का? मामा विचारतोय, सोमवारी गाडीत तुझी जागा धरू का?" मी म्हटलं, पप्पा, घाटात आहे, रेंज जातेय. रेंज चांगली होती.

फुलंब्रीत पोचलो तेव्हा साडेचार. आता तुम्हीच सांगा, बाळंतिणीच्या घरात शिरून सरळ 'पासवर्ड टाका' म्हणता येतं का? आधी पाय धुवा. मग बाळ बघा. मग बाळ कुणावर गेलंय ते सांगा. मी म्हटलं आईवर, द्वारकाबाई म्हणाल्या बापावर, त्यावर वीस मिनिटं. मग डिंकाचा लाडू. पाच वाजून दहा मिनिटांनी गोजरबाईंनी दार लोटलं आणि म्हणाल्या, "हं, काढ."

द्वारकाबाईंनी आपला अर्धा टाकला, आम्ही भिंतीकडं. मग गोजरबाईंनी टाकला, आम्ही भिंतीकडं. टुंग. चुकीचा पासवर्ड. मी दचकले, बाळ दचकलं, बाळ रडायला लागलं, मी जवळजवळ. पुन्हा केलं. टुंग. पुन्हा चूक. 'वारंवार चुकल्यास खाते काही काळ बंद राहील.' द्वारकाबाई म्हणाल्या, "माझा बरोबर हाय." गोजरबाई म्हणाल्या, "मंग माझा काय चुकीचा हाय? अकरा वर्सं पेटी सांभाळली म्या." दोघी एकमेकींकडं अशा बघायला लागल्या की मला वाटलं, माझ्या ईमेलापायी आता गट फुटतो. पाच वाजून पंचवीस.

मी म्हटलं, "काकू, अक्षरं सांगू नका. फक्त एवढं सांगा, तुम्ही ती ओळखता कशी?" कारण गोजरबाईंना इंग्रजी येत नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं. त्या म्हणाल्या, "ओळखायचं काय त्यात? जागा ध्यानात हाय माझ्या. वरनं तिसरी वळ, डावीकडनं…" द्वारकाबाईंनी तिथल्या तिथं कानांवर हात ठेवले. "बास, बास, पुढं बोलू नको."

वरनं तिसरी वळ, म्हणजे तिसरी ओळ. मी माझ्या फोनकडं बघितलं. आणि तुम्हाला सांगते, दीड वर्षात पहिल्यांदा माझी एमएस्सी कामाला आली. पासवर्ड टाकला होता सुलेखाताईंच्या फोनवर. सुलेखाताईंच्या फोनवर अक्षरांच्या वर आकड्यांची एक वेगळी ओळ आहे. माझ्या फोनवर ती ओळ नाही. म्हणजे त्यांची तिसरी ती माझी दुसरी. बिचाऱ्या गोजरबाई बरोब्बर जागी दाबत होत्या, अक्षरंच एक ओळ वर सरकलेली. मी सेटिंगमध्ये गेले, घाईघाईत दोनदा भाषा कन्नड झाली, शेवटी ती आकड्यांची ओळ सापडली, चालू केली, फोन गोजरबाईंच्या हातात दिला. त्यांनी बघितला आणि म्हणाल्या, "हां. आता कसं घर जागेवर आलं." आम्ही भिंतीकडं. मी त्या भिंतीला काय काय नवस बोलले, ते त्या भिंतीलाच माहीत.

उघडला.

लिंक दाबली, पाच वाजून एक्केचाळीस. 'अभिनंदन. आपण नित्यताजाच्या अधिकृत कन्सल्टंट आहात.' पक्कं पत्र. मी तिथल्या तिथं पप्पांना पाठवलं. पप्पांनी काही लिहिलं नाही, नुसता अंगठा पाठवला, पण मामांना फोन करून गाडीतली जागा सोडायला सांगितली, हे मला आईकडून कळलं. गोजरबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाल्या, "झालं ना? मंग आता कुलूप लाव." लावलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कशाला तुमचं डोकं खाल्लं असतं? पत्राच्या खाली बारीक अक्षरात होतं, ते मी परत येताना जीपमध्ये वाचलं. 'गिऱ्हाइकांच्या ऑर्डर रोज याच ईमेलवर येतील. त्याच दिवशी उत्तर देणे बंधनकारक.' रोज. आणि गोजरबाई लेकीकडं किती दिवस? सव्वा महिना. मी आईला म्हटलं, तोवर गोजरबाईंचा अर्धा दुसऱ्या कुणाला द्या. आई म्हणाली, देता येईल, पण त्याच्या ठरावाला गोजरबाई हजर पाहिजेत. ईमेलच तर काढायचा होता हो…

तर आता रोजचं असं आहे, सकाळी दहाला मी आणि द्वारकाबाई टी पॉइंटवर, तिथून फुलंब्री, पाय धुवा, बाळ बघा, भिंतीकडं तोंड, ऑर्डर लिहून घ्या, कुलूप लावा, परत. ऑर्डरी येतात, नाही म्हणत नाही मी. बाळ पण मला ओळखायला लागलंय. जीपवाला आमच्यासाठी पुढच्या दोन सीट धरून ठेवतो, चांगला आहे बिचारा. परवा गिअर टाकता टाकता त्यानं विचारलं, "क्या मॅडम, फुलंब्री में नौकरी लगी क्या?"

मी म्हटलं, "हो भैया. टेम्पररी आहे. सव्वा महिन्याची."